मैदानाची किल्ली कुणाकडे?

'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण आपण सर्रास वापरतो. ज्याच्यावर राखण सोपवली त्यानेच घात केला, एवढा तिचा अर्थ. पण या म्हणीत शेत कुणाचे, हा प्रश्न येत नाही. शेताला धनी असतो, कुंपण धन्याने घातलेले असते. आता शेताच्या जागी मैदान ठेवून पाहा. तिथे पोरे खेळतात, म्हातारे संध्याकाळी बसतात, गुरे चरतात, सभा भरतात. त्याचा धनी कोण? आणि उद्या नगरपालिका किंवा सरकार म्हणाले, 'या जागेची निगा राखायची आहे, म्हणून कुंपण घालतो', तर ते कुंपण कुणाला आत ठेवणार आणि कुणाला बाहेर?

गोव्यात आपल्याला हा प्रश्न मुळातच ओळखीचा आहे. आपल्याकडे मांड असतो. धालो त्याच मांडावर होतात, शिगम्याचे मेळ तिथूनच निघतात. मांडाला भिंत नसते, दार नसते, तरी कोणीही उठून तिथे काहीही करत नाही. चप्पल कुठे काढायची, पहिला नमन कुणी घालायचा, कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत मांड जागता, हे सगळे गावाला ठाऊक असते. कुंपणाचे काम तिथे रीत करते.

गांवकारीचेही तसेच. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावची जमीन गांवकरांच्या सामाईक मालकीची होती. १५२६ साली अफोंसो मेशिया याने या गांवकारींचे जुने रीतिरिवाज लिहून काढले, तो 'फोराल' आजही आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांना वाटाड्यासारखा उपयोगी पडतो. पुढे गांवकारीचे 'कोमुनिदाद' झाले, तिच्यासाठी १९०४, १९३३ आणि १९६१ साली संहिता निघाल्या. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. गांवकर आणि गांवकर नसलेले यांच्यातली रेघ तिच्यात ठळक होतीच. पण सामाईक जमीन ही कुणाचीच नसलेली जमीन नव्हे, एवढी गोष्ट या भूमीने फार पूर्वी ओळखली होती.

हे मनात ठेवून मी आज तुम्हाला मुंबईला नेणार आहे. कारण दोन. एक, मोकळ्या हिरव्या जागेवरून रहिवासी आणि सत्ता यांच्यात झालेल्या भांडणाचा मोठा सलग इतिहास तिथे सापडतो. दुसरे, त्या मैदानाच्या काठाने आपलीच माणसे राहिली. धोबीतलावच्या कुडींमध्ये बोटीची वाट पाहत बसणारे आपले खलाशी आणि आचारी, गिरगावातल्या चाळींत संसार थाटलेले आपले सारस्वत आणि मराठे, या सगळ्यांच्या दारापासून ते मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होते.

मुंबईच्या दक्षिण भागात आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशी चार मैदाने ओळीने दिसतात. पूर्वी ही चार नव्हती. तो एकच लांबरुंद पट्टा होता आणि इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत. हा पट्टा मोकळा राहिला याचे श्रेय काही अंशी आपल्या चिमाजी अप्पांना द्यावे लागेल! १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. तटावरच्या तोफांना समोर काही आड येऊ नये म्हणून तटापुढची घरे आणि झाडे हटवली गेली. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर हा मोकळा पट्टा आणखी रुंद करण्यात आला. म्हणजे मैदान जन्माला आले ते तोफगोळ्यांसाठी. खेळ, हवा, फिरणे असले काही त्यामागे नव्हते.

पण मोकळी जागा मोकळी पडून राहत नाही, लोक ती वापरू लागतात. उन्हाळ्यात इंग्रज अधिकारी समुद्राच्या वाऱ्यासाठी तिथे तंबू ठोकत. पलटणी कवायत करत. धोबी कपडे वाळवत, गवळी गुरे सोडत, संध्याकाळी पारशी मंडळी हवा खायला येत. कुणी कुणाला परवानगी विचारली नव्हती. वहिवाट पडत गेली.

या वहिवाटीला पहिला धक्का बसला तो गुरांच्या बाबतीत. १८३८ साली सरकारने चराईवर फी बसवली. ज्यांच्याकडे दोन-चार जनावरे त्यांना ती परवडणारी नव्हती. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे २०,००० रुपये खर्चून ठाकूरद्वारच्या बाजूला समुद्राकाठची गवताळ जमीन विकत घेतली आणि ती गुरांना मोकळी ठेवली, असे सांगितले जाते. गुरे चरण्यावरून त्या भागाला 'चर्नी' हे नाव पडले, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. ठाण्याच्या बाजूच्या चेंदणी नावाच्या वस्तीतून आलेल्या लोकांवरून ते पडले, असेही काही जण मानतात. नावाचा उगम काही असो, घटनेचा धडा मात्र विचार करण्यासारखा आहे. सार्वजनिक वहिवाट बंद झाली, तेव्हा ती परत मिळवण्याचा मार्ग सापडला तो खासगी दानाचा. जमशेटजींचे औदार्य मोठे, यात शंका नाही. पण हक्क गेला आणि त्याच्या जागी उपकार आला, हेही तितकेच खरे.

१८६२ साली बार्टल फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडले गेले. तोफाच नाहीत म्हटल्यावर तोफांसाठी राखलेल्या मैदानाचे काय करायचे? एका बाजूला सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या. मधून रस्ते गेले आणि मैदानाचे तुकडे पडले. तरी मोठा भाग शिल्लक राहिला आणि तो नव्या वहिवाटीत गुंतला. ती वहिवाट म्हणजे क्रिकेट.

पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्यांच्या मागोमाग हिंदू तरुण आले. प्रभू मंडळींनी सुरुवात केली, मग एकेका जातीचे, एकेका भाषेचे क्लब निघाले. त्यांत गौड सारस्वतांचाही एक होता. त्यातली किती पोरे मूळची आपल्या फोंड्या-पेडण्याकडची असतील याचा विचार करून मला नेहमी गंमत वाटते! या क्लबांकडे ना तंबू होता, ना तारेचे कुंपण. सकाळी स्टंप रोवायचे, संध्याकाळी उपटून घरी न्यायचे. एकाच्या सामन्यात दुसऱ्याचा क्षेत्ररक्षक उभा. आजही आझाद मैदानावर गेलात तर हेच दृश्य दिसते.

१८७५ साली मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. सभासद फक्त युरोपीय. त्यांचे स्वतःचे राखीव क्रिकेट मैदान होते, तिथे एतद्देशीयांना खेळण्याची मुभा नव्हती. एवढ्यावर भागले असते तर कदाचित वादही झाला नसता. पण जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना पोलोही खेळायचा होता, आणि पोलोसाठी त्यांनी निवडली ती जागा होती नेटिव्हांच्या क्रिकेटची. घोड्यांच्या टापांनी जमिनीची चाळण व्हायची. क्रिकेटला सपाट जमीन लागते, खड्ड्यावर पडलेला चेंडू कुठे उसळेल आणि कुणाचे दात पाडील, सांगता येत नाही. मूठभर घोडेस्वारांच्या करमणुकीपायी शेकडो पोरांचा खेळ बंद पडू लागला.

इथे शापूरजी सोराबजी नावाचे एक पारशी गृहस्थ पुढे आले. त्यांनी दगड उचलला नाही, लेखणी उचलली. १८८१ साली शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. अर्जाचा युक्तिवाद साधा होता. हे मैदान सगळ्या जनतेचे आहे. क्रिकेट खेळणारे पुष्कळ, पोलो खेळणारे थोडे. साहेब लोकांनी पोलोसाठी दुसरी जागा पाहावी, किंवा स्वतःच्या राखीव मैदानावर घोडे दौडवून त्याचे काय होते ते पाहावे! या झगड्याची हकीकत शापूरजींनी पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. आपल्या काळात रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना ती पुन्हा उजेडात आणली, म्हणून आपल्याला आज एवढे तपशील माहीत आहेत.

अर्जाचे पुढे काय झाले? सरकारने आधी पोलो कूपरेजला हलवण्याचा हुकूम दिला. मैदानावर आनंदीआनंद झाला असणार. पण जिमखान्याने तक्रार केली, आणि हुकूम फिरला. घोडे परत आले. शापूरजी आणि त्यांचे सहकारी पुन्हा अर्ज, पुन्हा स्मरणपत्रे लिहीत राहिले. सत्तेपुढे तर्क पुरेसा नसतो हे त्यांना तेव्हा कळले असेल, पण लेखणी त्यांनी खाली ठेवली नाही. आणि या सगळ्या काळात ही पोरे त्याच खडबडीत मैदानावर खेळत राहिली. १८९० साली व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी हरवले, ते जिमखान्याच्याच मैदानावर.

या भांडणाचा शेवट मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो. सरकारने सामाईक मैदान मोकळे करून दिले नाही. त्याऐवजी बॅक बेच्या बाजूला भरावाची जमीन होती, तिथे केनेडी सी-फेसवर त्याने एकेका समाजाला तुकडा दिला. १८८५ साली स्थापन झालेल्या पारशी जिमखान्याला तिथे जागा मिळाली, मग १८९२ साली इस्लाम जिमखाना आला, १८९४ साली हिंदू जिमखाना. पुढे कॅथलिक जिमखानाही त्याच ओळीत आला, आणि आपल्या गोंयकारांना तिथे हक्काची बसायची जागा झाली. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ही ओळ दिसते, फार सुरेख दिसते.

मागणी काय होती? सगळ्यांचे मैदान सगळ्यांना मोकळे ठेवा. मिळाले काय? प्रत्येकाला आपापले कुंपण. ज्यांना एका कुंपणाबाहेर ठेवले होते, त्यांना दुसरे कुंपण देऊन गप्प केले गेले. आणि त्या दुसऱ्या कुंपणांनीही आपापल्या परीने माणसे बाहेर ठेवलीच. धर्मावर उभ्या असलेल्या या जिमखान्यांतूनच १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने झाले. लोकांना त्यांचे वेड होते. पण क्रिकेटचा संघ म्हणजे धर्माचा संघ, हे समीकरण गांधीजींना खटकले आणि १९४० साली त्यांनी आपली नापसंती बोलून दाखवली. १९४६ नंतर ते सामने बंदच झाले. जमिनीवर आखलेली रेघ मनात उतरायला एक पिढी पुरते. पुसायला किती पिढ्या लागतात, ते आपण पाहतोच आहोत.

मूळ मैदानाचा जो भाग कुंपणाबाहेर राहिला, त्याने काय दिले हेही पाहिले पाहिजे. १९३० च्या सविनय कायदेभंगात इथे हजारोंच्या सभा भरल्या आणि लाठ्या चालल्या. पुढे त्याचे नावच आझाद मैदान झाले. १९३३ च्या डिसेंबरमध्ये भारतातला पहिला कसोटी सामना शेजारच्या बॉम्बे जिमखान्यात झाला, तिथे लाला अमरनाथ यांनी शतक ठोकले. ज्या आवारात भारतीय माणूस सभासद होऊ शकत नव्हता, त्याच आवारात! आणि १९८८ च्या फेब्रुवारीत, कुणीही यावे आणि स्टंप रोवावेत अशा आझाद मैदानावर, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागी केली. चाळीतल्या पोराला क्लबाची पावती फाडावी लागली असती तर त्यातले कोण कुठवर पोचले असते, हा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कुंपण ही गोष्टच वाईट. तसे नाही, आणि याचा दाखला त्याच पट्ट्यातल्या ओव्हल मैदानाने दिला आहे. १९९० च्या दशकापर्यंत ओव्हलची अवस्था शोचनीय झाली होती. कचरा, अंधार, गर्दुल्ल्यांचा वावर. आसपासच्या रहिवाशांनी संघटना स्थापन केली, कोर्टाची पायरी चढली आणि मैदानाची निगा राखण्याचे काम स्वतःकडे घेतले. ओव्हलला आज लोखंडी कठडा आहे, फाटके आहेत, रात्री ती बंद होतात. पण दिवसा कुणीही आत येतो. तिकीट नाही, सभासदत्व नाही. रविवारी सकाळी तिथे मी अनेकदा रेंगाळलो आहे. एका बाजूला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती, आणि मध्ये एकमेकांत घुसलेले आठ-दहा सामने. कुणाच्या अंगावर पांढरा शुभ्र पोशाख, कुणी अनवाणी. २०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्या वारशाच्या मधोमध ही पोरे आजही खेळतात, याचे मला विशेष वाटते.

याच मुंबईत दुसरे उदाहरणही आहे. महापालिकेने आपली उद्याने आणि क्रीडांगणे 'देखभालीसाठी' खासगी संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली. कल्पना वाईट नव्हती, पालिकेला खर्च झेपत नव्हता. पण काही ठिकाणी देखभालीचे क्लबघर झाले, क्लबघराचे सभासदत्व झाले, आणि फाटकावर रखवालदार आला. दोनशेहून अधिक भूखंड असे बाहेर गेले होते. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा शहरभरच्या नागरिकांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. २०२३ मध्ये तशाच धोरणाचा मसुदा पुन्हा आला आणि नागरिकांनी पुन्हा हरकती घेतल्या. ज्या शहरात माणशी दीड चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा वाट्याला येत नाही, तिथे लोक जागरूक राहणारच.

ओव्हलचा कठडा लोकांना मान्य, आणि दत्तक धोरणाचे कुंपण अमान्य. यात विसंगती नाही. एकोणिसाव्या शतकापासूनची ही सगळी हकीकत एकत्र ठेवली की कसोटी आपोआप हाती येते. कुंपण कुणी घातले, यापेक्षा फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, ते उघडण्याची वेळ कोण ठरवतो, आत यायला काय द्यावे लागते, आणि तक्रार कुणाकडे करायची, हे प्रश्न महत्त्वाचे. गुरांपासून, फेरीवाल्यापासून, वाहनांपासून मैदान राखायचे असेल तर कठडा चालेल. माणसांपासून राखायचे असेल तर ते मैदान उरले नाही, कुणाचे तरी अंगण झाले.

आणखी एक गोष्ट. कुंपणाची भाषा सगळ्या काळात एकच असते. सुरक्षा, स्वच्छता, सुशोभीकरण, देखभाल. यातला एकही शब्द वाईट नाही, म्हणून तर विरोध करणारा अडचणीत येतो. 'तुम्हाला घाण हवी का?' असा प्रश्न विचारला की समोरचा गप्प बसतो. शापूरजींनाही असेच सुनावले गेले असणार. त्यांनी त्याला उत्तर दिले ते संख्येने आणि वहिवाटीने: इथे कोण येतात, किती येतात, किती वर्षे येतात. आजच्या नागरिकाला यापेक्षा चांगले उत्तर सुचत असेल असे मला वाटत नाही.

आपल्या गोव्यात मोकळ्या जागा अजून पुष्कळ आहेत असे आपण मानतो. पणजीत आझाद मैदान आहे, कांपाल आहे, गावोगाव देवळापुढचे आणि चर्चपुढचे मैदान आहे, भात कापल्यावर फुटबॉल रंगतो ती शेते आहेत, पावसात हिरवे होणारे सडे आहेत. यातल्या कितीतरी जागा कागदावर कुणाच्या नावे आहेत हे तिथे रोज जाणाऱ्याला ठाऊक नसते. वहिवाट आहे तोवर विचारायची गरज पडत नाही. गरज पडते ती खांब रोवले गेल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पालिका किंवा पंचायत असा ठराव आणते तेव्हा नकाशा मागावा, ठरावाची प्रत मागावी, फाटके किती, केव्हा उघडी, पैसे लागणार का, बांधकाम होणार का, करार किती वर्षांचा, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. ही कटकटीची कामे आहेत. त्यात टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. पण मैदाने वाचली ती अशाच कटकट्या माणसांमुळे.

मांडाला आपण कधी कुंपण घातले नाही, कारण तो कसा वापरायचा हे सगळ्या गावाला पाठ होते. हे पाठांतर ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी खांब आणि तार घेऊन कुणीतरी येईल, आणि आपल्याच भल्यासाठी आलो आहे असे सांगेल. तेव्हा त्याला निदान किल्लीबद्दल विचारायला विसरू नये.